चोराची भूमिका

आमच्या नातवाच्या महाविद्यालयांतील मुलांनीं यंदा वीस मिनिटांचा एक रहस्यपट काढावयाचें योजिलें व पात्रांची निवड आमच्याच ओसरीवर झाली. पोलीस अधिकारी कोण, प्राध्यापक कोण, यावर पुष्कळ वाद झाला. चोर मात्र एका क्षणांत ठरला. नदीकाठच्या वस्तींतून येणारा, काळासावळा, अबोल असा जो एकच मुलगा त्यांत होता, त्याच्याकडे सर्वांचीं बोटें वळलीं. तो हंसला, पण तें हंसणें आम्हांस ओळखीचें वाटलें. शाळेच्या स्नेहसंमेलनांत आम्हीं स्वतः वर्षानुवर्षें राक्षस असेच निवडले होते, आणि तीं मुलें अशींच हंसत असत!

आम्हीं मुलांस शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'ची गोष्ट सांगितली. त्यांतील घरफोड्या शर्विलक ब्राह्मण असून भिंतीचें माप घ्यावयास जानव्याचा दोरा वापरतो. आणि वधस्थानाकडे जातांना चारुदत्ताला मारण्याची पाळी एकमेकांवर ढकलीत वेळ काढतात, ते चांडाळ. नातू कांहीं वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, चोर मी होतों."

तो मुलगा मग पोलीस अधिकारी झाला काय, असें वाचक विचारतील. नाहीं, त्यानें कॅमेरा मागून घेतला.