अर्धविराम अपेक्षित होता

जूनमध्ये वेळापत्रक हातात आलं तेव्हा माझ्या नावापुढे मराठी आणि इतिहास छापलेलं होतं. त्याखाली बॉलपेनने एक शब्द वाढवलेला होता : टिंकरिंग. विज्ञानाचे सर संस्थेच्या दुसऱ्या शाळेत गेले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "नवीन सर येईपर्यंत बघा, बाई. मागे तुमचा मोबाइल तुम्हीच दुरुस्त केला होतात ना?" मी तेव्हा त्याची बॅटरी काढून पदराने पुसली होती आणि परत बसवली होती. पण हे सांगायला तोंड उघडेपर्यंत किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात आला होता.

अटल टिंकरिंग लॅब ही नीती आयोगाची योजना २०१६ पासूनची. सहावी ते बारावीच्या मुलांनी हाताने काहीतरी करून बघावं म्हणून निवडलेल्या शाळांना टप्प्याटप्प्याने वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. हे मी कागदपत्रांत वाचलं आणि वीस लाखांच्या त्या खोलीत चपला काढून गेले. टिंकरिंगला मराठीत काय म्हणायचं ते शब्दकोशात पाहिलं, तर 'टिंकर'पुढे 'कल्हईवाला' निघालं. शेवटी फळ्यावर स्वतःच्या अकलेने लिहिलं : 'खटपटघर'. दुपारच्या सुट्टीपर्यंत माझं नाव 'खटपटबाई' झालं होतं.

पहिला पाठ दिवा लावण्याचा. एलईडी म्हणजे दोन पायांचा इवलासा दिवा. लांब पाय धन बाजूला आणि आखूड पाय ऋण बाजूला, एवढं पाठ करून मी आठवीसमोर उभी राहिले. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर पाय टेकवले. एक लखलखाट झाला, जळका वास आला आणि पुढे काहीच नाही. "परत दाखवा, बाई," मागून आवाज आला. मी परत दाखवलं. दोन दिवे गेल्यावर पुस्तक उघडलं. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट पुरतात. उरलेला जोर अडवायला मध्ये रेझिस्टर लागतो, आमच्या पाठ्यपुस्तकाच्या भाषेत रोधक. तो न लावता मी कालव्याचं पाणी थेट रोपवाटिकेत सोडलं होतं.

रोधकावर किंमत आकड्यांत लिहिलेली नसते, रंगीत पट्ट्यांत असते. आम्हाला २२० ओहमचा हवा होता, म्हणजे लाल-लाल-तपकिरी. लाल म्हणजे दोन, पुन्हा लाल म्हणजे दोन, आणि तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य. चाळिशीचा चष्मा घरी राहिला होता, तरी मी ऐटीत एक निवडला. दिवा लागला, पण इतका मंद की ओंजळ धरून पाहावं लागलं. एका मुलीने रोधक खिडकीशी नेऊन पाहिला. "बाई, तिसरी पट्टीपण लालच आहे." म्हणजे दोन शून्यं. मी दहापट मोठा अडथळा घातला होता. दुसऱ्या दिवसापासून रंग वाचायचं खातं तिच्याकडे गेलं.

मग आला ब्रेडबोर्ड. पूर्वी रेडिओची हौस असलेले लोक स्वयंपाकघरातल्या पाव कापायच्या फळीवर खिळे ठोकून तारा जोडायचे, त्यावरून हे नाव पडलं. मी त्याचं भाषांतर 'पावपाट' केलं आणि मुलं पोळपाट समजून हसली. पांढऱ्या प्लास्टिकच्या या पट्टीवर नुसती भोकं असतात. मधल्या भागातली एका ओळीतली पाच भोकं आतून एकमेकांना जोडलेली असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीत शेजारी-शेजारी, छान नीटनेटके खोचले. विजेला दिव्यातून जायची गरजच उरली नाही, ती खालच्या पत्र्यातून निघून गेली. संपूर्ण तास आम्ही बॅटरीला दोष देत बसलो.

जोडायच्या तारा दोन प्रकारच्या. टोकाला पिन असेल तर मेल आणि भोक असेल तर फिमेल, पाकिटांवर तसंच छापलेलं. लिंगविचार मी वर्षानुवर्षं व्याकरणात शिकवत आले आहे, पण आठवीच्या वर्गात हे वाक्य पुरं करता येईना. 'पिनवाली' आणि 'भोकवाली' म्हणून सुटका करून घेतली. खसखस आणखी वाढली.

जुलैमध्ये अर्डुइनोची पाटी बाहेर काढली. निळी, तळहाताएवढी. आत एक चिप असते. तिला संगणकावरून सूचना द्यायच्या, मग ती कुठल्या पिनेवर वीज सोडायची आणि कुठली थांबवायची ते पाहते. इथे मात्र इतिहासाचा तास माझ्या कामी आला. ही पाटी २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरेया गावी जन्मली. तिथल्या ज्या मद्यालयात तिचे कर्ते बसायचे, त्याचंच नाव तिला दिलं. आणि त्या मद्यालयाचं नाव होतं १००२ साली इटलीच्या गादीवर बसलेल्या अर्दुइन राजाचं. ही वंशावळ मी पंधरा मिनिटं रंगवून सांगितली. सांगून झाल्यावर एकाने विचारलं, "मग आता दिवा लावायचा का, बाई?"

दिवा एक सेकंद लागावा आणि एक सेकंद विझावा, एवढाच कार्यक्रम लिहायचा होता. वेळ मिलिसेकंदात मोजतात, म्हणून एका सेकंदासाठी हजार लिहायचे. सगळं लिहून बटण दाबलं. खाली नारिंगी अक्षरांत तक्रार उमटली. मुलांसाठी मी तिचं जमेल तसं भाषांतर केलं : 'डिलेच्या आधी अर्धविराम अपेक्षित होता.' अर्धविराम! प्रत्येक सूचनेच्या शेवटी तो लागतो आणि मी एका ठिकाणी विसरले होते. घातला. पुन्हा तक्रार : 'डिजिटलराइट या कक्षेत घोषित केलेले नाही.' त्या शब्दातला डब्ल्यू मोठा हवा होता, मी लहान लिहिला होता. दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व दिली की अर्धा गुण कापणारी मी, संगणकाने मला शून्य दिलं. मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्याच सुरात म्हणालं, "अर्थ कळतो आहे, पण नियम म्हणजे नियम." मी त्याला बाहेर काढलं नाही. त्या आठवड्यात निबंधांच्या वह्या तपासताना हात थोडा सैल पडला, हेही खरं.

दिवा लुकलुकू लागल्यावर आमची धिटाई वाढली. आता काहीतरी उपयोगाचं बनवायचं. प्रशिक्षणातून मी पाच पायऱ्यांचा तक्ता आणला होता : समानुभूती, समस्येची मांडणी, कल्पना, नमुना, चाचणी. समानुभूती हा शब्द मुलांनी वहीत उतरवून घेतला, मी स्पष्टीकरणात 'दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहणे' असं सांगितलं आणि पान उलटलं. आधी 'काहीही बनवा' म्हटलं होतं तेव्हा एकूण एक मुलांनी रोबोट काढले होते. म्हणून या वेळी विचारलं, की रोज कशाचा वैताग येतो? शेळी डाळिंबाची रोपं खाते, आजी गोळी विसरते, असं बरंच निघालं. सर्वांत जास्त हात वर झाले ते शाळेच्या छतावरच्या टाकीसाठी. ती भरून वाहते आणि धार नेमकी सहावीच्या खिडकीपुढे पडते.

ठरलं, टाकी भरली की वाजणारी घंटा. त्यासाठी दोन डोळ्यांचा अल्ट्रासॉनिक सेन्सर घेतला. तो पाहत नाही, वटवाघळासारखा ऐकतो. एका डोळ्यातून आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो, दुसऱ्याने प्रतिध्वनी घेतो, आणि मध्ये गेलेल्या वेळेवरून अंतर काढता येतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, मुलांनी गुणाकार केला. आम्ही एक रिकामी बादली ठेवली, तिच्या काठावर पुठ्ठ्याच्या खोबणीत सेन्सर बसवला. आकडा आला साठ सेंटिमीटर. मी टाळ्या वाजवल्या. रंगांचं खातं सांभाळणारी मुलगी पट्टी घेऊन आली. "बाई, बादली दोन फूट खोल कधीपासून झाली?" पट्टीवर तीस भरले. आवाज जातो आणि परतही येतो, म्हणून दोनने भागायचं असतं. फळ्यावरचं सूत्र मी लिहिलं होतं आणि 'भागिले दोन' डस्टरखाली गेलं होतं.

ऑगस्टअखेर नमुना तयार झाला. बादलीत पाणी ओतायचं, ते काठाजवळ आलं की बझर किंचाळायचा. शाळेची मोटर शिपाई मामा चालवतात, म्हणून त्यांना बोलावून प्रयोग दाखवला. मामांनी कौतुकाने पाहिलं, पोरांच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "टाकी भरल्याचं मला कळतंच की, बाई. धार पडल्याचा आवाज येतो."

"मग तुम्ही लगेच बंद का करत नाही?"

"मोटर मैदानाच्या त्या टोकाला. जाईपर्यंत पाच मिनिटं वाहणारच. माझा खरा घोर लाइटचा आहे. पंखे सिंगल फेजवर फिरत राहतात, पण मोटरला थ्री फेज लागते. ती कधी येते ते इथं बसून समजत नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाला गुडघे धरत बघायला जातो."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. तक्ता भिंतीवरच होता, पहिली पायरी सगळ्यांत वर. अडीच महिन्यांत मामांना विचारायचं माझ्या मनात आलं नव्हतं.

वायरमनचा मुलगा म्हणाला, "हे तर सोपं आहे, बाई. मोटरच्या पेटीवर असतात तसे तीन दिवे मामांच्या खोलीत घ्यायचे. लाल, पिवळा, निळा. तिन्ही नीट पेटले की जायचं."

"मग अर्डुइनो कुठे जोडायचा?" मी विचारलं.

"त्याला नकोच तो."

घरच्या विजेला मुलांनी हात लावायचा नाही, हा खटपटघरातला एकच नियम मी पहिल्या दिवसापासून न चुकता पाळला आहे. म्हणून त्याच्या वडिलांना बोलावलं. त्यांनी रविवारी केबल ओढली आणि दिवे बसवले. मुलांनी लांबून पाहिलं, एकीने कोणत्या दिव्याला कोणता फेज ते चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवलं. स्टार्टरचं बटणही इकडेच आणता येईल का, याची आकृती आता दोघे काढत आहेत. मोटर बंद करायला अजून मैदान ओलांडावंच लागतं.

महिनाअखेर लॅबची नोंदवही भरायची होती. 'प्रकल्पाचे नाव' या रकान्यात मी लिहिलं : मामांचे दिवे. 'बाहेरून आणलेले साहित्य' : बल्ब तीन, होल्डर तीन, केबल. 'लॅबमधील वापरलेले साहित्य' इथे बराच वेळ पेन धरून बसले आणि सरकारी शिरस्त्याप्रमाणे लिहिलं : निरंक. मुख्याध्यापकांनी त्यावर लाल शाईने मोठं प्रश्नचिन्ह काढून वही परत पाठवली.