फिरणारी ताटली

दिवाळीत घरी गेलो तेव्हा पाहिलं, आई दर अर्ध्या मिनिटाने मायक्रोवेव्हचं दार उघडून आतली वाटी हाताने फिरवत होती. काचेची ताटली फिरतच नव्हती.

“कधीपासून?”

“झाले सहा महिने. तू फोनवर घाईत असतोस.”

लहरींचा जोर आत सगळीकडे सारखा नसतो. साधारण दर ६ सेंटिमीटरवर गरम जागा पुन्हा येते, मध्ये गार जागा असते. ताटली थांबली की वरण कडेला उकळतं, मध्ये गार राहतं.

प्लग काढला. वरचं कव्हर उघडलं नाही, कारण कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा झटका देऊ शकतो. आमची मोटर तळाच्या छोट्या पत्र्यामागे होती. दोन वायरी, दोन स्क्रू. व्होल्टेज आणि दांडा जुळवून तशीच नवी आणली, बसवली, पत्रा पुन्हा लावला.

ताटली फिरली. दुसऱ्यांदा लावली तर उलटी!

“बिघडली का रे?”

“नाही गं, हिला दिशा ठरलेली नसते. सुरू होताना जिकडे वळेल तिकडे.”

आई हसली. वाटी आत ठेवून खुर्चीत बसली. दोन मिनिटं आम्ही नुसते बोलत होतो.