लेकीच्या माहेरी

विद्यार्थी-विनिमय योजनेतून आलेल्या परदेशी मुलांना घरी ठेवून घेणारी कुटुंबे आपल्याकडे आता अपूर्वाईची राहिलेली नाहीत. रोटरीसारख्या संस्थांच्या वतीने ही शाळकरी मुले येतात, वर्षभर दोन-तीन घरांत राहतात, मोडकीतोडकी मराठी शिकतात आणि विमानतळावर रडून परत जातात. पुढे काही वर्षे दिवाळीला शुभेच्छा येतात. मग त्याही विरळ होतात. सांगलीच्या अण्णा-काकूंच्या बाबतीत तसे घडले नाही, याचे श्रेय त्या दोघांपेक्षा जर्मनीतील ल्युबेकहून आलेल्या मुलीलाच द्यावे लागेल. २००९ च्या जुलैअखेर, सोळाव्या वर्षी, ती त्यांच्या घरी आली आणि आठवडाभरात काकूंना ‘आई’ म्हणू लागली. २०२४ च्या जूनमध्ये, स्वतः एका मुलाची आई झाल्यावर, तिने दोघांना अठरा दिवसांसाठी आपल्या गावी बोलावून घेतले.

अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. शेंगेन व्हिसासाठी लागणारा ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, निमंत्रणपत्र, निवृत्तिवेतनाचे दाखले हे सारे त्यांनी फायलीत क्रमाने लावले. काकूंची विवंचना निराळी होती. कंदमुळे वर्ज्य, रात्रिभोजनाचा त्याग. बटाट्यावर जगणाऱ्या देशात आपल्यापायी कोणाची ओढाताण नको, असे त्या म्हणत. खरी धास्ती मात्र त्यांनी अण्णांनाही उशिरा सांगितली. ज्या बाईची लेक आपल्याला आई म्हणते, तिच्यापुढे कोणत्या तोंडाने उभे राहायचे? पंधरा वर्षांत त्या जन्मदात्या आईकडून नाताळच्या दोन ओळींपलीकडे काही आले नव्हते.

हॅम्बुर्गहून ल्युबेकला आगगाडीने पाऊण तास लागतो. त्राव्हे नदीने वेढलेले, विटांच्या चर्चचे सात मनोरे मिरवणारे हे जुने शहर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. काकूंना त्यापेक्षा लेकीच्या स्वयंपाकघराचे नवल अधिक वाटले. नवी कढई आणि नवे पातेले वेगळे काढून ठेवलेले होते. पावाच्या वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचून अंडे नसलेला पाव निवडलेला होता. चीज आणले तेही वासराच्या पोटातील द्रव्याऐवजी सूक्ष्मजीवांपासून केलेल्या विरजणाचे, याची खात्री करूनच. सांगलीत असताना हे कोणी तिला शिकवले नव्हते. तिने ते पाहून ठेवले होते. रात्रिभोजनाचा प्रश्न तर उद्भवलाच नाही. जूनमध्ये तेथे सूर्य पावणेदहानंतर मावळतो आणि ती मंडळी पाव, चीज, काकडी असे थंड जेवण सहालाच उरकतात. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्यास्त होतो हे कळताच अण्णांनी आपण योग्य महिन्यात आल्याबद्दल समाधान व्यक्त केले.

पांढऱ्या शतावरीवर मात्र चर्चा झाली. हे त्यांचे लाडके हंगामी खाणे. २४ जूनला त्याचा हंगाम संपतो. पांढरेपणा टिकावा म्हणून कोंबांवर मातीचे वरंबे चढवतात आणि आतूनच ते कापून काढतात. मातीखालचे ते कंद नव्हे काय? “आई, हा कोंब आहे. मूळ तसेच राहते, तेच झाड कितीतरी वर्षे कोंब देते,” असे लेकीने अस्खलित मराठीत समजावले. काकूंनी क्षणभर विचार करून दोन कोंब ताटात घेतले.

जन्मदात्या आई पहिल्या भेटीत हस्तांदोलन करून गप्प राहिल्या. दुसऱ्या भेटीतही तेच. काकूंची धास्ती दुणावली.

मग एके दिवशी लेकीची अठ्ठ्याऐंशी वर्षांची आजी सर्वांना सेंट मेरीच्या चर्चमध्ये घेऊन गेली. १९४२ च्या मार्चमधील बॉम्बहल्ल्यात दक्षिण मनोऱ्यातील घंटा खाली कोसळल्या; त्या फुटक्या अवस्थेत आजही तेथेच पडून आहेत. आजी तेव्हा सहा वर्षांची होती. युद्धकाळात शहरांतील मुलांना सुरक्षिततेसाठी खेड्यापाड्यांत पाठवत; तिलाही एका शेतकरी कुटुंबात पाठवले गेले. तिची आई त्या शेतकरणीच्या पत्रांवर दिवस काढी. इतके सांगून आजी थांबली आणि आपल्या मुलीकडे पाहून म्हणाली, “आता तुझा कागद दाखव.”

तो कागद संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खणातून निघाला. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला, शाळा बंद झाल्या आणि ती बातमी युरोपातही पोहोचली. सप्टेंबरात सांगलीत ही मुलगी तापाने आजारी पडली. तपासणीत तो आजार नव्हता; पण ताप सहा दिवस हटेना. काकू दिवसातून दोनदा परदेशी फोन लावून आपल्या तुटपुंज्या इंग्रजीत आकडा सांगत. कागदावर दोन रकाने होते, डावीकडे फॅरनहाइट आणि उजवीकडे करून घेतलेले सेल्सिअस: १०२ म्हणजे ३८.९, तिसऱ्या रात्री १०३.६ म्हणजे ३९.८. त्याखाली विमानाच्या तिकिटाची किंमत लिहून खोडलेली.

लेकीने आईचे बोलणे मराठीत सांगितले. “तिसऱ्या रात्री मी तिकीट काढणारच होते. आजी म्हणाली, जी बाई वाढलेला आकडा लपवत नाही, तिच्याकडे पोर राहू दे. शेतकरीणही माझा खोकला पत्रात लिहायची. काकूंनी मला बरे वाटावे म्हणून आकडा कमी करून सांगितला असता, तर मी विश्वास ठेवला नसता.”

काकूंनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ नुसता पाहिला. मग विचारले, इतकी वर्षे एक शब्द का बोलला नाहीत? उत्तर आढेवेढे न घेता आले. परतलेली मुलगी झोपेतही मराठी बडबडत असे. त्याचा राग होता, आणि तो जायला वेळ लागला. काकूंना हे उत्तर आवडले. तोंडदेखले काही बोलल्या असत्या तर काकूंनाही ते पटले नसते.

मराठीत नात्यांच्या शब्दांचा तोटा नाही; पण आपल्या लेकीला परमुलखात आई झालेल्या बाईला काय म्हणावे, हे कोणी ठरवलेले नाही. अण्णांनी ‘विहीण’ सुचवले. अर्थ समजावताना लेकीची फार तारांबळ उडाली, तरी तो शब्द जर्मन उच्चारात तेथे रुजला.

येत्या जानेवारीत विहीणबाई सांगलीला येत आहेत. जेवण सहालाच, ही सवय दोन्ही घरांची एकच. त्यांना सकाळी लागणारी काळी कॉफी कशी करतात, याची चौकशी काकूंनी आतापासून सुरू केली आहे.