आईचं ताट लहान होतं तेव्हा

मधुमेहाच्या रुग्णांना मी हल्ली विचारतो, "काल रात्री काय जेवलात?" "घरात सगळं आहे ना?" असं विचारलं तर उत्तर नेहमी "हो"च येतं.

टंचाई आली की आधी आईचं ताट लहान होतं. मुलांचं वजन घटतं ते फार नंतर. मदत मागायची वेळ तीच, डबे रिकामे व्हायची वाट पाहू नका. इन्सुलिन घेऊन उपाशी झोपलात तर साखर एकदम उतरून बेशुद्धी येऊ शकते.

प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून मोफत. आधार जोडलेलं गावचं कार्ड शहरातल्या रेशन दुकानातही चालतं; हे कित्येकांना ठाऊकच नसतं. सहा वर्षांपर्यंतची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांच्यासाठी अंगणवाडीचा आहार असतो. कार्ड नसेल तर ते व्हायला वेळ लागतो. तोवर जवळची रोटी बँक शोधा, किंवा गुरुद्वारातल्या लंगरला जा. लंगरच्या पंगतीत कुणी कागद विचारत नाही.

लाज वाटते, कळतं मला. पण निदान डॉक्टरांना तरी सांगा. जेवण कमी-जास्त होणार असेल तर औषधाचा डोस आणि वेळ आम्हाला बदलता येते. तुम्ही मनाने बदलू नका.