हिडमा कोण होता?

रायपूरला पोस्टिंग झालेल्या प्रत्येक जवानाच्या कानावर पहिल्याच आठवड्यात एक नाव पडायचं : माडवी हिडमा. ताडमेटला, ६ एप्रिल २०१०, ७६ जवान शहीद. बुर्कापाल, २०१७, २५ जवान. टेकुलगुडा, ३ एप्रिल २०२१, २२ जवान. या प्रत्येक घटनेशी त्याचं नाव जोडलेलं. जखमींना घेऊन हेलिकॉप्टर रायपूरला उतरायचं, तेव्हा हे आकडे नुसते आकडे राहायचे नाहीत.

हा माणूस सुकमा जिल्ह्यातल्या पूवर्ती गावचा. पोरवयात माओवाद्यांकडे गेला आणि पुढे त्यांच्या सर्वांत कडव्या, बटालियन क्रमांक १ चा कमांडर झाला. संघटनेचे वरचे नेते बहुतेक तेलुगू भागातून आलेले. नंबाला केशव राव तर वरंगलला इंजिनिअरिंग शिकलेला. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे वणी तालुक्यातल्या राजूरचा मिलिंद तेलतुंबडे. कोळसा खाणीतल्या कामगारांमध्ये काम करत तो केंद्रीय समितीपर्यंत गेला आणि १३ नोव्हेंबर २०२१ ला गडचिरोलीच्या मर्दिनटोला जंगलात मारला गेला.

हिडमा यांच्यापेक्षा वेगळा होता. तो बस्तरचाच. कुठल्या नाल्याला कधी पाणी असतं, कुठली पायवाट कुठे निघते, हे त्याला नकाशाशिवाय ठाऊक. गावातल्या पोरांशी त्यांच्याच गोंडीत बोलायचा. बाहेरच्या नेत्याला विचार सांगता येतो, पण घराघरातून पोरगा उठवून आणायला घरचाच माणूस लागतो. त्याची खरी ताकद ही होती, बंदूक नंतर.

आपल्याकडे हे चित्र पालटलं ते डीआरजीमुळे. या दलात बस्तरचीच मुलं, काही तर शरण आलेले माओवादी. अशा एका मुलाबरोबर मी गस्तीवर चाललो आहे. वाटेत थांबून तो मातीकडे बघायचा आणि हात वर करायचा. आम्ही सगळे जागच्या जागी थांबायचो. एकदा म्हणाला, "साहेब, समोरच्यांत माझ्या गावचे दोघं आहेत." पुढे काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द पूवर्तीत सुरक्षा दलांचा कॅम्प उभा राहिला. १८ नोव्हेंबर २०२५ ला आंध्रातल्या मारेडुमिल्लीच्या जंगलात हिडमा मारला गेला, बरोबर त्याची बायकोही. ज्या मातीने त्याला इतकी वर्षं लपवलं, ती सोडून तो परक्या जंगलात गेला होता.

बातमी आली तेव्हा मला ताडमेटलाचे ७६ जण आठवले. त्यांच्या घरच्यांना या बातमीने थोडा दिलासा मिळाला असेल, तर तो त्यांचा हक्कच आहे. त्याच्या क्रौर्याला माफी नाही. पण त्या भागात पुन्हा कुणी हिडमा तयार होऊ द्यायचा नसेल, तर कॅम्पच्या मागोमाग गावात शिक्षक, नर्स आणि गोंडी समजणारा तलाठी पोचायला हवा. आणि तो टिकायला हवा.

सुकमा-दंतेवाड्यात नोकरी केलेल्या माजी जवानांनी आपले अनुभव जरूर लिहावेत.

जय हिंद.