सगळे या रे फोटोला!

मंडळी, कॅमेरा घेऊन मला आठ महिने झाले. एक सेकंड हँड बॉडी, पन्नास एमएमची एक लेन्स आणि नेटवर वाचलेलं भरमसाट ज्ञान, एवढ्या भांडवलावर मी सध्या स्वतःला फोटोग्राफर म्हणवून घेतो. सोमवार ते शुक्रवार पुण्यात दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधायचे, आणि जमेल त्या शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडून सोलापूरला, शुक्रवार पेठेतल्या घरी. तिथे मांजर, तुळस, पाण्याची टाकी सगळ्यांचे फोटो काढून झाले. आता माणसं काढायची होती. तीही ब्लॅक अँड व्हाइट, आणि एका वेळी अकरा.

मुहूर्त आपोआप मिळाला. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा असते, तेव्हा आमचं झाडून सगळं खानदान घरी येतं. आजोबा, आज्जी, आई-बाबा, काका-काकू, आत्या, चुलतभाऊ, वहिनी, त्यांची चार वर्षांची चिमुरडी आणि चुलतबहीण. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ ठरली.

पहिला विरोध आज्जीचा. "काळा-पांढरा कशाला रे? हार घालायला का? अजून जिवंत हाय की मी!"

बरोबरच आहे तिचं. आमच्या माजघरात भिंतीवर जेवढे ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहेत, त्या सगळ्यांना चंदनाचा हार आहे. फोटोची ही भीती जुनीच. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोचा स्टुडिओ चालवायचे. बडोद्यात त्यांचा धंदा बसला, कारण कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो अशी वावडी गावात उठली होती! आज्जीला मी समजावलं की रॉ फाईलमध्ये रंग शाबूत असतात, आपण फक्त बघताना काळं-पांढरं बघायचं. "म्हणजे रंगीत पण निघंल?" निघेल. मग झालं, ती साडी बदलायला गेली.

आता ब्लॅक अँड व्हाइटच का? कारण रंगीत ग्रुप फोटोत साड्या बोलतात, माणसं गप्प बसतात. रंग काढले की उरतात चेहरे, हात आणि कोण कोणापासून किती लांब उभं आहे ते अंतर. शिवाय उजेडही कळायला लागतो. याबाबतीत वाड्यात राहणारे लोक नशीबवान. पूर्वीचे स्टुडिओवाले छताला काचा बसवून वरून मऊ उजेड आत घ्यायचे. आपल्याकडे चौक आयताच आहे. माणसांना चौकात उन्हात बसवलं तर डोळे बारीक होतात आणि भुवयांखाली काळे खड्डे पडतात. तीच माणसं चौकाला लागून असलेल्या सोप्यात, छपराच्या सावलीत पण अगदी कडेला बसवली की समोरून सुंदर पसरट उजेड मिळतो. मागे चुन्याची साधी भिंत. चुलतभाऊ म्हणाला, मागे सोलापुरी चादर लावू, एकदम लोकल टच! पण चादरीवरची जेकार्डची नक्षी करड्या रंगात अकरा डोक्यांच्या मागे नुसता गोंधळ घालते. चादर खाली अंथरली, लहान मुलीला बसायला.

मग करड्याचं गणित. कॉम्प्युटर रंगीत फोटो करडा करताना साधारणपणे लालला ३० टक्के, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन देतो, कारण आपल्या डोळ्याला हिरव्यातला उजेड जास्त जाणवतो. परिणाम असा की आज्जीचं लालभडक इरकल आणि आईची गर्द हिरवी साडी फोटोत जवळजवळ सारख्याच करड्या होतात. शेजारी बसवलं तर एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळत नाही. म्हणून कपडे रंगावर न जाता उजळ-गडद बघून वाटायचे. वहिनीची संक्रांतीची काळी चंद्रकळा मागच्या रांगेत, काकूची फिकट आकाशी पुढे, असं.

इथपर्यंत सगळं पुस्तकी. पुढे आला मान.

ट्रंकेत आमचा एक जुना ग्रुप फोटो आहे, साधारण १९५० च्या आसपासचा. चार पुरुष खुर्च्यांवर, मांडीवर हात, पोरं जमिनीवर, बायका मागे उभ्या, डोक्यावर पदर. आज्जीला विचारलं, यात सगळे आहेत? ती म्हणाली, "आमच्या चुलतसासूबाई नाहीत. त्या स्वयंपाकघरात होत्या. त्यांना कोण बोलावतंय?" चुलतसासूबाई विधवा होत्या.

फोटोत कोण येणार हे कॅमेऱ्याच्या आधीच ठरलेलं असतं. ज्यांना बायका फोटोत हव्या होत्या त्यांनी तशी सोयही केली. नळदुर्ग-तुळजापूरपर्यंत, म्हणजे आमच्या अगदी शेजारी, १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. त्याच राज्यात, हैदराबादेत, राजा दीनदयाळांनी १८९२ साली पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तिथे मिसेस केनी-लेव्हिक नावाच्या बाई नेमल्या. म्हणजे अडचण कधीच लेन्सची नव्हती.

तर आमची मंडळी जमली आणि कोणी काही न सांगता जागेवर गेली. आजोबा, आज्जी, काका, बाबा खुर्च्यांवर, बाकीचे मागे. आत्या एकदम डाव्या टोकाला, दाराच्या चौकटीला खेटून. "मी इथंच बरी. चहाकडे पण बघायचंय." आत्याचे यजमान जाऊन वीस वर्षं झाली. आदल्या दिवशी घरी हळदीकुंकू होतं तेव्हाही ती आतल्या खोलीत तिळगूळ भरून देत बसली होती. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं आणि ये असंही म्हटलं नव्हतं.

चौकाच्या पलीकडच्या भिंतीला पाठ टेकवून, कॅमेरा बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर ट्रायपॉडला लावून मी टेस्ट शॉट घेतला. स्क्रीनवर बघतो तर नजर सरळ आत्याकडे! रंगीत फोटोत तिची मोतिया साडी कुणाला दिसतही नाही. आमच्या घरच्या सगळ्या अल्बममध्ये ती कडेला आहे आणि इतकी वर्षं ते डोळ्याला खुपलेलं नाही. पण करड्या फोटोत सगळ्यात उजळ वस्तू तीच होती. डोळा उजळ गोष्टीकडे आधी जातो, आणि ती फ्रेमच्या काठावर असेल तर तिच्याबरोबर डोळाही फ्रेमबाहेर निघून जातो. कुठल्याही पुस्तकात हा नियम सापडेल.

उपाय तीन होते. काकू म्हणाली, "तिला माझी चॉकलेटी शाल दे ना पांघरायला." चालेल. कडा नंतर सॉफ्टवेअरमध्ये गडद करता येतात, तेही चालेल. तिसरा उपाय, आत्याला मध्ये घेणं. तांत्रिकदृष्ट्या तिन्ही बरोबर. मी कॅमेरा तसाच उचलून आज्जीला स्क्रीन दाखवली आणि तिन्ही सांगितले.

तिने चष्मा लावून नीट पाहिलं. "ही कडेला पांढरी कोण? आमची काय?" मग काकाकडे वळून, "ऊठ रे तू. मागं उभा राहा. तुला काय गुडघेदुखी हाय का?" काका काही बोलायच्या बेतात होते. काकूही. आज्जीने खुर्चीवर थाप मारली. "ये गं. पोरगी हायेस माझी. चहा कोणीपण करंल."

काका उठले. आत्या दोन-तीन वेळा नको नको म्हणत येऊन बसली. मी वहिनीला बरोबर तिच्या मागे उभं केलं. काळ्या चंद्रकळेपुढे मोतिया साडी सुरेख उठून आली. डोकी एका रेषेत ठेवली नाहीत, उंच-बुटके मिसळून त्रिकोण केले. हात कुठे ठेवायचे हे मी कोणालाच सांगितलं नाही. आज्जीने आत्याचा हात धरला होता, तो तसाच राहू दिला.

एफ ८, सव्वाशेवा एक सेकंद. किती फोटो काढायचे यालाही गणित आहे! निक स्वेनसन आणि पिअर्स बार्न्स या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी ते मांडलं आणि २००६ चं इग नोबेल मिळवलं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. म्हणजे एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची जवळजवळ खात्री. अकरा भागिले तीन, म्हणजे चार. लहान मूल होतं म्हणून मी बारा काढले.

रात्री एडिट करताना काकूची फर्माईश आली, "मला जरा उजळ कर." लाल चॅनल वाढवला की सगळे गोरे होतात हे खरं, पण त्याबरोबर कुंकू पुसलं जातं. उलट जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून जुन्या फोटोंत कुंकू काळंकुट्ट आणि सावळी माणसं आणखी काळी दिसतात. मी मधलं काहीतरी ठेवलं, माणसं जशी आहेत तशी ओळखू येतील असं. काकू दोन दिवस नाराज होती. असो.

प्रिंट आठ बाय बाराच्या, मॅट कागदावर केल्या. आज्जीला एक रंगीतही दिली, कबूल केल्याप्रमाणे. आत्याने ब्लॅक अँड व्हाइट नेली. काका अजून म्हणतात की फोटो छान आहे पण बसायची पद्धत चुकली.

तुम्हीही घरच्यांचा असा फोटो काढणार असाल तर लेन्स वगैरे नंतर बघा. आधी माणसं मोजा, आणि कॅमेरा लावण्यापूर्वी एकदा स्वयंपाकघरात डोकावून या.