बैल पाहून गाडी भरावी

दुपार कलली की हर्णेच्या किनाऱ्यावर समुद्रातून बैलगाड्या बाहेर येऊ लागतात. हे वाक्य परक्या माणसाला चमत्कारिक वाटेल. आम्हांला त्यात काही विशेष वाटत नाही. मासेमारीच्या मोठ्या नौका सुवर्णदुर्गाच्या अलीकडे खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या राहतात. मासळी लहान होड्यांतून उथळ पाण्यापर्यंत येते, आणि बैल पोटापर्यंतच्या पाण्यात उभे राहून ती गाडीत भरून घेतात. तेथून ओल्या वाळूवरून लिलावाच्या जागेपर्यंतचे अंतर फार नाही. परंतु त्या थोड्या अंतरात बैलांच्या माना, गाडीची चाके आणि गाडीवानाचा अंदाज या तिन्हींची परीक्षा होते. जन्मापासून मी हे दृश्य पाहत आलो. त्यातून काही शिकण्यासारखे आहे, हे कळावयास मात्र वयाची चव्वेचाळीस वर्षे जावी लागली आणि एकदा पाठही धरावी लागली.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आई अंगणात घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड सांधले. पण पलंगावरून आपल्या बळावर उठणे तिला जमेना. जिने तीस वर्षे डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बंदरापासून वाडीवाडीपर्यंत पायपीट केली, तिला सकाळी खुर्चीत बसवण्यासाठी मला हात द्यावा लागू लागला. तिचे वजन अठ्ठेचाळीस किलो. शाळेत खडू आणि हजेरीपट यांपलीकडे काही न उचललेल्या माझ्या पाठीला ते चौथ्याच दिवशी जड झाले. तेव्हा मी दापोलीच्या एका व्यायामशाळेत नाव घातले.

तेथील तरुण प्रशिक्षकाने माझी अडचण ऐकून घेतली आणि मला एका लोखंडी दांड्यापुढे उभे केले. जमिनीवरचे वजन दोन्ही हातांनी धरून, कंबर सरळ होईपर्यंत उचलायचे आणि पुन्हा जमिनीवर ठेवायचे, एवढाच तो व्यायाम. त्याला डेडलिफ्ट म्हणतात. दिसावयास तो अत्यंत सोपा आहे. पण दांडा नडगीला जवळजवळ चिकटून वर आला पाहिजे, पाठीला बाक येता कामा नये, वाकणे कमरेतून नव्हे तर खुब्यातून झाले पाहिजे, आणि उचलण्यापूर्वी पोटात भरून घेतलेला श्वास वजन वर जाईपर्यंत सुटता कामा नये. बंदरावरच्या जुन्या हमालांना हे कोणी शिकवले नव्हते. तरी टोपली उचलताना ते आधी तिच्या जवळ जातात, मग बसतात आणि मग उठतात, हे मला नंतर लक्षात आले.

नुसता दांडा वीस किलोंचा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना वीस-वीस किलोंची एकेक मोठी चकती चढवली की साठ किलो होतात; दोन-दोन चढवल्या की शंभर. व्यायामशाळेत ज्याच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी दोन-दोन मोठ्या चकत्या दिसतात, त्याच्याकडे लोक जरा निराळ्या नजरेने पाहतात. मी मनाशी ठरवले: वर्ष संपण्यापूर्वी शंभर. आईचे वजन अठ्ठेचाळीस असताना मला शंभर कशाला हवे होते, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. शंभर ही गोल संख्या आहे, आणि गोल संख्येला कारण लागत नाही, असे आपण धरून चालतो.

सप्टेंबरच्या मध्यास मी चाळीस किलोंपासून आरंभ केला. आठवड्यातून दोन दिवस जायचे, दर खेपेस अडीच किलो वाढवायचे आणि पाच वेळा उचलायचे. सहा आठवड्यांत मी सत्तरपर्यंत पोहोचलो. आरंभीच्या काळात वजन असे भराभर वाढते, ते स्नायू वाढल्यामुळे नव्हे. आहेत त्या स्नायूंना एकवटून कामाला लावण्याची विद्या मज्जासंस्था तेवढ्यात शिकते म्हणून. पुढची वाढ स्नायूंची, आणि त्याहून सावकाश कंडरांची व हाडांची असते. हे प्रशिक्षकाने मला सांगितले होते. मी मात्र गणित शिकवणारा माणूस. सहा आठवड्यांत तीस, तर आणखी सहा आठवड्यांत आणखी तीस. म्हणजे डिसेंबरच्या मध्यास शंभर! मुलांना त्रैराशिक शिकवताना मी नेहमी बजावतो की सगळ्याच गोष्टी सम प्रमाणात वाढत नाहीत. ते बजावणे स्वतःला लागू करावे, असे मला सुचले नाही.

नोव्हेंबरात ऐंशी किलो आले तेव्हा पाच आवर्तनांची तीन झाली होती. नव्वद आले तेव्हा एकच झाले, तेही पाठीला बाक देऊन. व्यायामशाळांत एक ढोबळ हिशेब वापरतात: उचललेल्या वजनाचा तिसावा भाग घ्यावा, त्याला आवर्तनांच्या संख्येने गुणावे आणि तो मूळ वजनात मिळवावा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती उचलता येईल, याचा अंदाज मिळतो. त्या हिशेबाने सत्तर किलो पाच वेळा उचलणाऱ्या माझी कमाल क्षमता ब्याऐंशीच्या आसपास होती. ऐंशी किलो तीन वेळा उचलले तेव्हा ती अठ्ठ्याऐंशी झाली, आणि नव्वद किलो एकदाच उचलता आले तेव्हा हिशेब न करताही ती प्रत्यक्षात नव्वदच होती. दांड्यावरचा आकडा वीस किलोंनी वाढला होता. क्षमता वाढली होती जेमतेम आठ किलोंनी. मधले अंतर मी शिलकीतून भागवीत होतो. ती शिल्लक नोव्हेंबरच्या अखेरीस संपली. त्या दिवशी नव्वदचा दांडा गुडघ्यापर्यंत आला आणि कमरेत काहीतरी लचकले.

पुढचे तीन आठवडे मी आईला उचलू शकलो नाही. रोज सकाळी शेजारच्या दोन बाया येत आणि तिला खुर्चीत बसवीत. मी दाराला टेकून उभा राही. आई त्यांना म्हणे, "पोराची कंबर धरली हो, तुमास तरास." ज्या कामासाठी मी व्यायामशाळेत गेलो होतो, तेच काम व्यायामशाळेने माझ्या हातून काढून घेतले होते, खरे म्हणजे व्यायामशाळेने नव्हे, माझ्या गोल संख्येने.

त्या दिवसांत वैद्यांनी चालावयास सांगितले म्हणून मी संध्याकाळी बंदरावर जाई. एकदा एक वृद्ध गाडीवान अर्धी भरलेली गाडी घेऊन पाण्याबाहेर निघाला. होडीवाला मागून ओरडत होता की अजून चार टोपल्या बसतील. गाडीवानाने मागे वळूनही पाहिले नाही. वाळूवर गाडी थांबल्यावर मी त्यांना विचारले, "काका, गाडी रिकामीच आणलीत?" ते म्हणाले, "गुरुजी, बैल बघून गाडी भरायची, मासळी बघून नाय. आज वाळू मऊ हाय." आणि ते दुसऱ्या खेपेसाठी पाण्यात शिरले.

मला त्यांच्या बोलण्यातला उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटला. बैल कालचेच होते, गाडीही कालचीच. आज फक्त वाळू मऊ होती. ओझे काट्यावर जेवढे भरते तेवढेच ते नसते. ज्या जमिनीवरून ते न्यायचे तिचाही त्यात वाटा असतो. माझी झोप, माझे वय, वीस वर्षे खुर्चीत बसलेली पाठ, परीक्षेच्या दिवसांतला शीण, ही माझी वाळू होती. २०१६ मध्ये एडी हॉल या इंग्रज मल्लाने पाचशे किलोंची डेडलिफ्ट केली, तेव्हा त्याच्या नाकातून रक्त आले आणि त्याची शुद्ध हरपली. त्याने आयुष्य त्या क्षणासाठी वेचले होते. तो त्याचा सौदा होता. मला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आईला उठवायचे होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ज्यांचे पोट ओझ्यावर अवलंबून असते, त्यांनी ओझे वाढवून मागितल्याचे कोठे ऐकिवात नाही; त्यांनी मागितली ती मर्यादा. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने माणसाने वाहावयाच्या कमाल ओझ्याविषयी करार केला, आणि त्याच्या सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी पंचावन्न किलोंची मर्यादा सुचवली. दोन वर्षांनी महाराष्ट्रात माथाडी व हमाल कामगारांसाठी कायदा झाला. मर्यादा मागणे हा दुबळेपणा नव्हे. उद्याही कामावर येता यावे, एवढाच तिचा अर्थ आहे.

फेब्रुवारीत मी पुन्हा चाळीस किलोंपासून आरंभ केला. या वेळी आकडा ठरवण्याआधी नियम ठरवले. आठवड्याला अडीच किलोंपेक्षा अधिक वाढवायचे नाही. पाचही आवर्तने स्वच्छ झाली आणि आणखी दोन करता आली असती असे वाटले, तरच वाढवायचे. दर चौथ्या आठवड्यास काही वाढवायचे नाही. मे संपताना मी सत्तर किलोंवर होतो. म्हणजे सहा आठवड्यांत गाठलेल्या जागी चार महिन्यांनी परत आलो होतो. पण आता पाठ सरळ होती. मग १ जून उजाडला, नौका किनाऱ्यावर ओढल्या गेल्या आणि ३१ जुलैपर्यंतची मासेमारीबंदी लागू झाली. एकसष्ट दिवस समुद्राला उसंत मिळते, ती मासळीच्या विणीसाठी. त्या दोन महिन्यांत मीही वजन वाढवले नाही. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा वाढवू लागलो, आणि ऐंशी किलो पाच वेळा उचलावयास पुढचे जवळजवळ वर्ष लागले. शंभर कदाचित येतील, कदाचित येणार नाहीत. त्यांची तारीख मी आता कोठे लिहून ठेवलेली नाही.

रोज सकाळी मी आईच्या पलंगाजवळ जातो. तिचे पाय जमिनीला नीट टेकले आहेत का ते पाहतो, अगदी जवळ उभा राहतो, खुब्यातून वाकतो, श्वास भरून घेतो. "एक, दोन, तीन" ती मोजते. मोजण्याचे काम तिने आपल्याकडे ठेवले आहे. तीनला ती पायांवर जेवढा देता येईल तेवढा भार देते, उरलेला मी घेतो. खुर्चीत बसल्यावर ती विचारते, "जड लागले का रे?"

कधी मी नाही म्हणतो. रात्री झोप नीट झालेली नसली, तर खरे ते सांगतो. मग ती म्हणते, "मग जरा बस. चहा मागनं होईल."